फरशीखालचा पाइप

"आता एक तांब्याही ओतू नकोस," हेमंत म्हणाला. "बघ, वर येतंय."

माझा मुलगा न्हाणीच्या उंबऱ्यावर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. हैदराबादहून बसमध्ये अवघडून आलेला, नुकताच साताऱ्यात उतरलेला, अजून चहासुद्धा झाला नव्हता. न्हाणीतलं पाणी जाळीतून खाली जायचं सोडून जाळीतूनच वर येत होतं, साबणाचा फेस घेऊन, गढूळ. मी हातातला तांब्या बादलीत सोडून दिला.

"दसऱ्यापासून असंच आहे," मी म्हटलं. "जातं हळूहळू. त्याला तरी कसली घाई आहे?"

"हळूहळू म्हणजे?"

"सकाळी आंघोळ केली की दुपारपर्यंत जातं."

मला वाटलं होतं हसेल. हसला नाही. न्हाणीकडे बघत बसला, आणि मला कळलं की हा पाइप बघायला आलेला नाही, मला न्यायला आलेला आहे.

माणूस काय मागायला आलाय हे मला तो बोलायच्या आधी कळतं. उभी नोकरी एसटीच्या आरक्षणाच्या नि पासांच्या खिडकीत गेली माझी. जाळीपलीकडचा चेहरा बघितला की ओळखायचे, हा पंढरपूर मागणार, हा मुंबई मागणार आणि जागा नाही म्हटलं की भांडणार. सगळ्या गावाला मी तिकिटं देऊन कुठं कुठं पाठवलं, स्वतः मात्र त्या खिडकीतून उठून याच घरात येत राहिले.

हे घर आमच्या ह्यांनी बांधलं. बांधकाम खात्यात मिस्त्री होते, त्यामुळे दुसऱ्याच्या कामावर त्यांचा विश्वास नसायचा. न्हाणीचं पाणी मधल्या खोलीच्या फरशीखालून अंगणातल्या चेंबरमध्ये जातं आणि तिथून रस्त्याच्या गटाराला. ते पाइप चिनी मातीचे. त्यांचा एकेक सांधा ह्यांनी स्वतः चरात उकिडवं बसून सिमेंटनं भरला होता. मी तेव्हा नवी नवरी. मला वाटायचं, नवरा सिनेमाला नेईल. नवरा मला पाइप दाखवायला घेऊन आला.

चहा घेताना हेमंतनं विषय काढलाच.

"प्लंबर काय म्हणाला?"

"बांबूच्या कामट्या घालून बघितल्या त्यानं. सरकत नाहीत म्हणाला. फरशी उखडावी लागेल."

"म्हणजे महिनाभर घर उघडं. तू त्या धुळीत कुठं राहणार? त्यापेक्षा चल माझ्याबरोबर. तुझ्या सुनेनं तुझी खोली तयार ठेवलीये."

"आणि महिना झाल्यावर?"

तो कप बशीत फिरवत राहिला. "आई, परत तरी कशाला यायचं? इथं तुझं आहे कोण?"

"कोण आहे म्हणजे? एकदा गणपतीत येऊन बघ. समोरच्या अपार्टमेंटमधली सगळी पोरं असतात. विसर्जनाला घरात पाय ठेवायला जागा नसते. तुला फोनवर ढोल ऐकू येतो तो काय मी वाजवते?"

"मी नाही कुठं म्हणतोय."

"मग झालं तर."

हेमंत स्वभावानं बापावर गेलाय. भांडत नाही, पण सोडतही नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "असं करू. प्रेशरच्या पाण्यानं पाइप साफ करणारी मशीन मिळते आता, फरशी न उखडता. मी एकाशी बोललोय, येतोय तो. बाबांचा पाइप टिकला, तर तू राहा इथं. मी पुन्हा विषय काढणार नाही. पण फुटला, तर मात्र चलायचं. कबूल?"

"कबूल. फुटला तर बॅग भरते."

"शब्द?"

"शब्द. फाडलेलं तिकीट आहे समज."

मशीनवाला येईपर्यंत हेमंतनं आंघोळ कशीबशी अंगणात उरकली. तेवढ्यात मी मधल्या खोलीत स्टूल ठेवून माळ्यावरची बॅग खाली काढली. दाराच्या मागं उभी केली आणि तिच्यात तीन-चार पातळं आणि ह्यांचा छोटा फोटो ठेवला. कशासाठी ते स्वतःलाही विचारलं नाही. तयारीत असलेलं बरं, एवढंच म्हटलं.

नौशाद मुलाणी छोट्या टेम्पोत पाण्याची टाकी, इंजिन आणि लाल नळीचं मोठं रीळ घेऊन आला. तिशीतला गडी, तोंडाची टकळी चालूच. अंगणात पाय ठेवला आणि माझ्याकडे बघून थबकला.

"मॅडम, तुमी स्टँडावर पाससाठी बसायच्या का?"

"बसायचे. का?"

"कॉलेजच्या पासवर माझा फोटो नीट न्हवता म्हणून तुमी मला तीनदा माघारी लावलंतं. तिसऱ्यांदा म्हणला, फोटोत डोळं मिटल्यात, झोपेत परवास करणार हायस का?"

"केलास का मग?"

"केला की. रोज झोपूनच जायचो."

हेमंत पहिल्यांदा हसला. बरं वाटलं मला. पण लगेच घड्याळाकडे बघून म्हणाला, "फुल प्रेशर लावा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं नजर चुकवली.

"फुल प्रेशर लावून चालत न्हाय सायब," नौशाद म्हणाला. "नव्या पाइपाला किती बी मारा. ह्ये चिनी मातीचं काम, सांधं सिमेंटचं. एखाद्या सांध्याला चीर असली आन मी जोरात मारलं, तर पानी पाइपातनं न जाता भाईर मातीत जातंय. माती वाहून जाती. वरनं फरशी हाय तशीच दिसती. मग एक दिवस काकी कपाट सरकवायला जातील आन कपाटासकट खाली."

"असं होतं?"

"माझ्याच हातनं झालंय. धंद्याच्या सुरवातीला. कपाट न्हाय, पलंग गेला खाली. नशीब, पलंगावर कुणी न्हवतं." तो रीळ उलगडत होता. "तवापासनं आधी बगतो, मग मारतो."

त्यानं चेंबरचं झाकण काढलं आणि दिवा असलेला बारीक कॅमेरा काळ्या वायरीवरून आत सरकवला. आम्ही तिघं त्याच्या मोबाइलवर वाकलो. माझ्या घराच्या पोटातलं मी पहिल्यांदाच बघत होते. गोल, तपकिरी, ओलसर. मध्येच एक पांढरी कडी यायची, ती सरली की दुसरी.

"ह्ये सांधं," नौशाद म्हणाला. "कुणी भरल्यात ह्ये?"

"ह्यांनी."

"हात चांगला हुता."

ह्यांच्या हातचं काम ह्यांच्या माघारी कुणी पहिल्यांदाच बघितलं होतं, आणि तेही माझ्यासमोर. मी पदर सावरल्यासारखं करून डोळे पुसले.

आणखी एका सांध्यापाशी केसासारखी रेघ दिसली. नौशादनं तोंड वाकडं केलं. "हितं चीर हाय." कॅमेरा पुढं सरकला आणि थांबला. पुढं सगळं राखाडी. गोल भोक वरच्या बाजूला जेमतेम बोटभर उरलेलं.

"दगड?" हेमंतनं विचारलं.

"दगड न्हाय. माती वाटतीया, पर बसलीया घट. तिच्या मागं पाइप कसा हाय ते दिसत न्हाय." त्यानं हेमंतकडे बघितलं. "हळूहळू मारतो. थोडं मारायचं, नळी भाईर घ्यायची, बगायचं, परत मारायचं. तरीबी फुटणार न्हाय अशी ग्यारंटी देत न्हाय."

"चालू करा," मी म्हटलं. "माझा नवरा आहे तिथं खाली. बघून घेईल तो."

इंजिन धडधडायला लागलं तशी मी आत जाऊन मधल्या खोलीत फरशीवर बसले. शहाबादी फरशीवर तळहात टेकला. पहिल्यांदा काही कळेना, मग हाताला बारीक थरथर लागली. नळी पाइपात सरकत होती, आणि ती नेमकी कुठं आहे हे मला हातानं कळत होतं. मी तिच्या मागं मागं फरशीवर सरकत राहिले, म्हातारपणी रांगायला लागल्यासारखी. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईचं डोकं फिरलं.

मला हे घर सोडायचं नव्हतं. इथं माझं फार काही चाललं होतं असं नाही. दिवस दिवस कुणी दार वाजवायचं नाही. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जायचा, हाक मारायचा नाही. पण इथं मी गप्प बसले तर घर माझं होतं. तिकडं गप्प बसले असते तर सगळे विचारत बसले असते, आई, काय झालं.

तेवढ्यात कॉटच्या पायापाशी फरशीच्या फटीत मला काळसर ओल दिसली.

मी वाकून बघत राहिले. ओल वाढतेय असं वाटलं. फुटला. बाहेर इंजिन चालूच होतं. आता ओरडायला हवं होतं, "नौशाद, थांब!" नाहीतर खालची माती जाईल, हे त्यानंच सांगितलं होतं. ओरडले तर संपलं, दाराच्या मागं बॅग उभीच आहे. मी ओरडले नाही. उठून सरळ त्या ओलीवर जाऊन बसले, कोंबडी बसते तशी.

बसल्यावर पाठीमागं हात लावला तर माझ्या पातळाचा काठ चिंब भिजलेला. सकाळी न्हाणीत पाण्यात उभी राहिले होते, तोच काठ जाईन तिथं ओला पट्टा ओढत होता. मला त्या एकटीच्या खोलीत इतकं हसू फुटलं की हेमंत बाहेरून ओरडला, "आई, काय झालं?"

"काही नाही! चालू दे!"

आणि मग नौशादचा आवाज आला, "आलं! आलं! काकी, न्हाणीत पानी सोडा!"

मी न्हाणीत धावले, बादली पालथी केली आणि नळ सोडला. पाणी जाळीवर क्षणभर रेंगाळलं आणि घळाघळा आवाज करत खाली गेलं. महिन्याभरानं ऐकला मी तो आवाज. नळ तसाच सोडून अंगणात आले. चेंबरमध्ये राखाडी चिखल येत होता, दाट, पीठ भिजवल्यासारखा मऊ. त्याला घाण वास नव्हता. नौशादनं गोणपाट आडवं लावून तो घमेल्यात घेतला होता. त्यातलं चिमूटभर त्यानं बोटांत चोळलं.

"सायब, ही तर शाडू."

"शाडू?"

"गणपतीची. गणपती झाल्यावर मला आशी दोन-चार कामं असत्यातच. लोक घरातच बादलीत मूर्ती विरघळवत्यात आन पानी न्हाणीत वतत्यात. त्यास्नी वाटतं, विरघळली म्हंजी गेली. शाडू कुटं जाती? पाइपात बसती, थरावर थर." त्यानं घमेलं तिरकं केलं. "ह्ये काय एका वर्साचं न्हाय."

"दुसऱ्या कुणाची आली असेल," हेमंत म्हणाला. "आमचा गणपती तळ्यावर जातो. समोरची मुलं नेतात, वाजतगाजत."

नौशादनं विचारलं, "ह्या पाइपाला दुसऱ्या कुणाचं कनेक्शन हाय?"

"नाही. आमच्याच न्हाणीचं."

नौशादनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग मान खाली घालून नळी पुसायला लागला. हेमंतनं मात्र घमेल्यात बोट घातलं होतं. त्यातून त्यानं एक छोटा पांढरा खडा काढला. पॅन्टला पुसला. उन्हात चमकला तो. मग दुसरा सापडला. मग आणखी.

ते खडे ओळखणं त्याला अवघड नव्हतं. आमच्या मूर्तीच्या कपाळावर ह्यांनी पहिल्यापासून दरवर्षी कुंभाराकडून एक पांढरा खडा बसवून घेतला होता. तो खडा बघायला हेमंत लहानपणी पाटावर चढायचा आणि मार खायचा. हे गेल्यावरही मी कुंभाराला सांगत होते, खडा विसरू नको.

"आई."

मी फाटकाकडे बघत उभी राहिले.

"कधीपासून?"

"बाबा गेल्यावर शेजारच्या बाबरांची पोरं न्यायची तळ्यावर. ते घर विकून गेले. तेव्हापासून."

"मग ती अपार्टमेंटमधली मुलं?"

"आहेत की मुलं. आपापल्या घरी आहेत."

"आणि तो ढोल?"

"रस्त्यावरनं जातो ना गणपती. मी खिडकी उघडून मग तुझा फोन घ्यायचे."

तो खडे तळहातावर घेऊन उभा होता. माझा राग त्याच्यावर नव्हता, नौशादवर नव्हता. राग आला होता त्या शाडूचा. दरवर्षी मी तिला किती हळू विरघळवलं होतं, हातानं, एक गुठळी राहू दिली नव्हती, आणि ती माझ्या घराखाली बसून राहिली होती माझी वाट अडवायला.

"न्हाणीत कशाला मग? एवढं अंगण आहे," हेमंत म्हणाला.

"अंगणात समोरच्या गॅलऱ्यांतून दिसतं. एकटी बाई विसर्जन करतीये. कुणीतरी कीव करून खाली आलं असतं."

"आलं असतं तर?"

"मग दरवर्षी आलं असतं, कीव करायला."

त्यानं खडे मुठीत मिटले. मग त्यानं मला असं काही विचारलं, जे मी कुणी विचारेल असं कधी धरलंच नव्हतं.

"आई, 'गणपती बाप्पा' तू म्हणायचीस. मग 'मोरया' कोण म्हणायचं?"

"मीच," मी म्हटलं. "जरा आवाज बदलून."

नौशादनं इंजिन बंद केलं. त्या अंगणात एवढी शांतता झाली की न्हाणीत मी उघडा सोडलेला नळ ऐकू येत होता. पाणी जात होतं. बिनबोभाट जात होतं.

नौशादनं जाण्याआधी पुन्हा कॅमेरा घालून दाखवला. पाइप आरपार मोकळा होता. चीर होती, पण वाढली नव्हती. "काकी, ही चीर अशीच राहील, फक्त कुणाला जोरात मशीन लावू दिऊ नका. आन ॲसिड वतू नका." तो जरा घुटमळला. "शाडूचं पानी कडीपत्त्याला घालत जावा. झाडाला चांगलं असतंय." एवढं बोलून तो माझ्याकडे न बघता गेला. पोरगं झोपेत प्रवास करत नव्हतं.

म्हणजे पाइप टिकला, मी जिंकले. ठरल्याप्रमाणे मी इथंच राहणार होते.

जेवताना हेमंत काही बोलला नाही. मी पोळ्या लाटत पाठमोरी होते, पण कान मागंच होते. मला वाटत होतं, आता म्हणेल. आता तर त्याला सगळं कळलंय. त्यानं ठरलेलं मोडून टाकावं, ओरडावं, म्हणावं की बस झाला हट्ट, चल. उभ्या आयुष्यात मी कुणाची एवढी वाट बघितली नव्हती. एकदा, फक्त एकदा "चल" म्हणाला असता, तर मी "बरं" म्हणणार होते. तो शब्द माझ्या तोंडात तयार होता. तिकीट आम्ही लोक फाडून देतो, प्रवासी स्वतःहून फाडून घेत नाही. तसंच काहीतरी होतं ते. मला स्वतःहून म्हणता येईना.

संध्याकाळच्या बसला निघताना तो आपली पिशवी घ्यायला मधल्या खोलीत गेला आणि दाराच्या मागची बॅग त्याला दिसली.

"ही काय?"

"पाइप फुटला असता तर, म्हणून काढली होती."

"पण फुटला नाही."

"नाही," मी म्हटलं. आणि थांबले.

त्यानं बॅगेच्या मुठीवर हात ठेवला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. हात अगदी ह्यांच्यासारखा आहे त्याचा, बोटं आखूड आणि रुंद.

"तू स्टुलावर चढत जाऊ नकोस, पडशील," तो म्हणाला. मग त्यानं बॅग उचलली, हात वर करून माळ्यावर नीट आत सारून ठेवली, आणि तळहात झटकले. चांगला मुलगा आहे माझा. दिलेला शब्द पाळला त्यानं. मला न विचारता, न दुखावता, माझं मन राखून माझी बॅग वर ठेवून दिली. आतली पातळं आणि ह्यांचा फोटो मी नंतर कितीतरी दिवस काढले नाहीत.

रिक्षात बसताना तो म्हणाला, "काळजी घे." मी म्हटलं, "खिडकीची जागा मिळाली का?" मिळाली, म्हणाला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पाइप अजून शाबूत आहे. हेमंतनं पुन्हा विषय काढला नाही, आजतागायत नाही. मीही काढला नाही.

फक्त एक झालं. पुढच्या गणपतीत विसर्जनाच्या दिवशी मी बादली भरून अंगणात कडीपत्त्यापाशी ठेवली, समोरच्या गॅलऱ्यांत कुणी असेल तर असू दे म्हटलं, आणि मूर्ती हातात घेतली, तेवढ्यात फोन वाजला. हेमंत होता. म्हणाला, "स्पीकरवर टाक आणि ठेव बाजूला. आता म्हण."

"गणपती बाप्पा," मी म्हटलं.

तिकडून उत्तर यायला जरा वेळ लागतो. लाइनचं काहीतरी असतं. तेवढा वेळ मी मूर्ती पाण्यावर तशीच धरून थांबते. दरवर्षी थांबते. मग हैदराबादहून त्याचं "मोरया" येतं, आणि मी हात खाली नेते.